चियांग माई पाच मुक्कामांत: काय पाहावं, कधी पाहावं, काय सोडावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याचं पाच जणांचं कुटुंब: नवरा-बायको, बारा वर्षांची मुलगी आणि सत्तरी ओलांडलेले आई-वडील. जानेवारीत उत्तर थायलंडमध्ये चियांग माईला पाच मुक्काम. घरात शुद्ध शाकाहार. टूरवाल्याने दिलेल्या आराखड्यात पहिल्याच पूर्ण दिवशी चियांग राय हे शहर आणि गोल्डन ट्रँगल, म्हणजे थायलंड, लाओस आणि म्यानमारच्या सीमा मिळतात ती जागा, आहे. दुसऱ्या दिवशी हत्तीची सवारी, वाघासोबत फोटो आणि लांब मानेच्या बायकांचं गाव. तिसऱ्या दिवशी दोई इंथानोन डोंगर. खुद्द शहराला उरली आहे जेमतेम एक दुपार. हे बरोबर आहे का?

नाही. हा आराखडा गाडीत बसून राहण्याचा आहे. चियांग माईचं खरं वैभव जुन्या शहरात आणि त्याला पश्चिमेकडून टेकलेल्या डोंगरात आहे, आणि तेच इथे उरल्यासुरल्या वेळात कोंबलं आहे.

आधी चियांग रायचा हिशेब करा. एका बाजूचं अंतर १८० किलोमीटरच्या पुढे, म्हणजे तीन-साडेतीन तास. गोल्डन ट्रँगल त्याच्याही पुढे तासाभरावर. जाऊन-येऊन आठ-नऊ तास रस्त्यावर जातात आणि पांढऱ्या मंदिराच्या, म्हणजे वाट रोंग खुनच्या (थाईत ‘वाट’ म्हणजे मंदिर) वाट्याला पाऊण तास येतो, तोही भर दुपारी, सगळ्या बसगाड्या एकदम येतात तेव्हा. चालेर्मचाय कोसितपिपत या चित्रकाराने १९९७ पासून उभं केलेलं ते मंदिर सुंदर आहे यात वाद नाही. पण ते पाहायचं तर चियांग रायला एक मुक्काम करून सकाळी उघडताच पाहावं. पाच मुक्कामांत आणि ज्येष्ठांसोबत यंदा ते सोडून द्या.

आता शहर. राजा मंगरायने १२९६ मध्ये लान्ना राज्याची राजधानी म्हणून ते वसवलं. जुनं शहर जवळपास चौरस आहे. एकेक बाजू दीड किलोमीटरहून थोडी जास्त, भोवती पाण्याचा खंदक, कोपऱ्यांवर विटांचे बुरूज आणि पाच दरवाजे. पूर्वेचा था फे दरवाजा हा सगळ्यांचा खुणेचा दगड. हॉटेल या दरवाजापासून पायी दहा मिनिटांत असेल असं घ्या, आतल्या बाजूला मिळालं तर उत्तम. एक बारीक गोष्ट वेळ वाचवते. खंदकाच्या दोन्ही कडांचे रस्ते एकमार्गी आहेत. बाहेरची वाहतूक घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते, आतली उलट दिशेने. त्यामुळे समोर दिसणारं हॉटेल गाडीने गाठायला कधी कधी अर्ध्या शहराला वळसा पडतो. आधी पायी खंदक ओलांडायचा, योग्य बाजूला उभं राहायचं आणि मग ग्रॅब किंवा बोल्ट या ॲपवर गाडी बोलवायची.

जुन्या शहरात मंदिरं डझनांनी आहेत. सगळी पाहायला गेलात तर तिसऱ्यानंतर सगळी सारखीच दिसू लागतात. एका सकाळी तीन, फार तर चार. सुरुवात वाट चेदी लुआंगपासून करा. मधोमध विटांचा प्रचंड स्तूप आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस काम सुरू झालं आणि पंधराव्या शतकात राजा तिलोकराजाच्या काळात पूर्ण झालं. तेव्हा उंची ८० मीटरच्या आसपास होती. १५४५ च्या भूकंपात वरचा भाग कोसळला. १९९० च्या दशकात युनेस्को आणि जपान सरकारच्या मदतीने डागडुजी झाली, पण शिखर पुन्हा बांधलं नाही, कारण ते मुळात कसं दिसत होतं याचा भरवशाचा पुरावा नव्हता. हा संयम मला फार मोलाचा वाटतो. आज बँकॉकच्या राजवाड्यात असलेली पाचूबुद्धाची मूर्ती १४६८ पासून सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत याच स्तूपाच्या पूर्वेकडच्या कोनाड्यात होती. आता तिथे प्रतिकृती आहे.

स्तूपाला प्रदक्षिणा घाला आणि दक्षिण बाजूला थांबा. तिथे रांगेत हत्तींची शिल्पं आहेत. बहुतेक सिमेंटने नव्याने घडवलेली, सोंड-कान शाबूत. उजवीकडच्या टोकाचा एक मात्र झिजलेला, ना सोंड ना कान, आतल्या विटा दिसतात. जुना तोच. मुलीला आधी काही सांगू नका, ‘यातला खरा कुठला ते ओळख’ म्हणून सोडा. जानेवारीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे ही बाजू दिवसभर उजेडात असते आणि फोटो कधीही चांगले येतात.

याच आवारात शहराच्या इंथाखिन स्तंभाचं छोटं मंदिर आहे. त्यात स्त्रियांना प्रवेश नाही. वुआ लाय भागातल्या चांदीच्या मंदिरातही, वाट श्री सुफानमध्ये, मुख्य गाभाऱ्यात स्त्रियांना जाऊ देत नाहीत. दाराशी पोचून मन खट्टू होण्यापेक्षा घरातल्यांना आधीच सांगून ठेवा. चांदीचं मंदिर बाहेरून पाहण्यातच खरी मजा आहे. भिंतीवरचा ठोक्याचा प्रत्येक पत्रा वेगळा आहे आणि बाजूच्या शेडमध्ये कारागीर ठोकत बसलेले दिसतात.

चेदी लुआंगला लागूनच वाट फान ताओ आहे. सागवानी लाकडाचं, काळपट, बसकं. दारावरच्या रंगीत काचांच्या नक्षीत मोर आहे आणि मोराच्या पायाशी कुत्रा. पाच मिनिटं द्या, पण चुकवू नका. तिथून पश्चिमेला पायी दहा-बारा मिनिटांवर वाट फ्रा सिंग, १३४५ मधलं. बहुतेक लोक समोरचा भव्य विहार पाहून परत फिरतात. तो तुलनेने नवा आहे. मौल्यवान आहे तो मागचा लहानसा विहार लाय खाम. आत फ्रा सिंग ही पूजनीय मूर्ती आणि भिंतींवर एकोणिसाव्या शतकातली चित्रं. कथा लोककथेतल्या, पण माणसांचे कपडे, केशभूषा, घरं त्या काळच्या उत्तर थायलंडची. तिथे डोळे अंधाराला सरावू द्या आणि फ्लॅश बंद ठेवा.

चौथं घ्यायचं असेल तर उत्तरेकडचं वाट चियांग मान, शहरातलं सगळ्यांत जुनं. त्याच्या स्तूपाच्या पायथ्याला पंधरा हत्ती पाठ लावून उभे आहेत.

टूरच्या यादीत जवळजवळ कधीच नसतं असं एक ठिकाण मराठी माणसाला मी आवर्जून सांगेन: वाट चेत योत. जुन्या शहराच्या वायव्येला, गाडीने पंधराएक मिनिटांवर. तिलोकराजाने १४५५ मध्ये त्याचा पाया घातला आणि आराखडा घेतला तो बोधगयेच्या महाबोधी मंदिराचा. वर सात शिखरं आहेत. १४७७ मध्ये इथे धम्मसंगीती, म्हणजे बौद्ध भिक्षूंची धर्मपरिषद, भरली होती. बाहेरच्या भिंतीवर चुन्यातल्या देवांच्या मूर्ती आहेत, हात जोडून बसलेल्या. काहींचे चेहरे गेलेत, पण अंगावरचे दागिने आणि वस्त्रांच्या चुण्या अजून स्पष्ट आहेत. बोधगया पाहिलेल्या माणसाला इथे ओळखीचं काहीतरी लगेच भेटतं. गर्दी नाही, सावली भरपूर, आई-वडिलांना बसायला जागा आहे.

सगळ्याच मंदिरांत खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, चपला बाहेर. बुद्धमूर्तीकडे पाय करून बसायचं नाही. स्त्रियांनी भिक्षूंना स्पर्श करायचा नाही, वस्तू थेट हातात द्यायची नाही.

बाजारांसाठी वार सांभाळा. शनिवारी संध्याकाळी वुआ लाय रस्त्यावर, रविवारी था फे दरवाजापासून वाट फ्रा सिंगपर्यंत राचदाम्नोएन रस्त्यावर पायी बाजार भरतो. विमानाची तिकिटं शुक्रवारी पोचाल अशी काढली तर दोन्ही मिळतात. एकच जमणार असेल तर रविवारचा. चार-साडेचारला आत शिरा, साडेसहाला बाहेर पडा. सातनंतर इतकी दाटी होते की वयस्कर माणसांना चालणं अवघड. सहा वाजता राष्ट्रगीत लागतं, तेव्हा सगळा बाजार जागच्या जागी उभा राहतो, तुम्हीही थांबा. रस्त्यालगतच्या मंदिरांच्या आवारांत खाण्याचे स्टॉल आणि बसायला बाकं असतात, आई-वडिलांना तिथे टेकू द्या. रोजचा नाइट बाझार मी वगळेन. तिथला माल कुठेही मिळतो. त्याऐवजी सकाळी वारोरोत मंडईत जा. शेजारीच पिंग नदीकाठी फुलबाजार आहे, झेंडू आणि मोगऱ्यासारख्या फुलांच्या माळा गुंफणाऱ्या बायकांपाशी पाऊल आपोआप थांबतं.

दोई सुथेप या डोंगरावरच्या मंदिराला अर्धा दिवस राखून ठेवा. शहरापासून १५ किलोमीटर, पण सगळा घाट. मंदिर १३८३ मधलं, राजा कुएनाच्या काळातलं. बुद्धाचे पवित्र अवशेष पांढऱ्या हत्तीच्या पाठीवर ठेवून त्याला मोकळं सोडलं, तो डोंगर चढून जिथे थांबला आणि कोसळला तिथे मंदिर बांधलं, अशी आख्यायिका आहे. वर जाणारा रस्ता मात्र १९३० च्या दशकापर्यंत नव्हताच. ख्रुबा सिविचाय या भिक्षूच्या हाकेवर हजारो लोकांनी नोव्हेंबर १९३४ ते एप्रिल १९३५ या सहा महिन्यांच्या आत श्रमदानातून तो घाट खोदला. पायथ्याशी त्यांचा पुतळा आहे. स्थानिक लोक वर जाण्याआधी तिथे फुलं वाहतात. तुम्हीही दोन मिनिटं थांबा.

नागांच्या कठड्याचा जिना तीनशेच्या वर पायऱ्यांचा आहे. गुडघे दुखणाऱ्यांसाठी शेजारी रुळांवरची लिफ्ट आहे, तिचं तिकीट थोडकं. वर संगमरवरी फरशी, सोनेरी स्तूप, आणि लोक हातात कमळ घेऊन उजवीकडून प्रदक्षिणा घालतात. जानेवारीत सकाळी फरशी बर्फासारखी गार लागते, मोजे घालून जायला हरकत नाही. वेळ दोनच चांगल्या: सकाळी आठच्या आत, नाहीतर दुपारी चारनंतर, म्हणजे सूर्यास्त आणि संध्याकाळचं पठण दोन्ही मिळतं. दहा ते दोन हा बसगाड्यांचा वेळ, टाळा.

वर जायला लाल सॉन्गथेव, म्हणजे मागे समोरासमोर दोन बाकडी असलेल्या गाड्या मिळतात. माणसं भरली की निघणाऱ्या गाडीत बसू नका. पाच जण आहात, तर जाऊन-येऊन थांबण्यासह पूर्ण गाडी ठरवा आणि पैसे परत आल्यावर द्या. मागच्या बाकांवर आडवं बसून घाटात हमखास मळमळतं, कारण शरीर एका दिशेला आणि वळण दुसऱ्या. आई किंवा वडिलांना ड्रायव्हरशेजारी बसवा. उतरताना वाट फा लाटला थांबायला ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा. झाडीतलं, ओढ्याकाठचं, शेवाळलेल्या दगडी मूर्तींचं हे मंदिर पुष्कळांना वरच्या मंदिरापेक्षा जास्त भावतं. पुढचा फुबिंग राजवाडा जानेवारी ते मार्चमध्ये राजघराण्याचा मुक्काम असेल तर बंद असतो, तेव्हा त्याच्या भरवशावर बेत आखू नका.

दोई इंथानोन आराखड्यात आहे ते बरोबर, पण क्रम महत्त्वाचा. थायलंडचं हे सर्वोच्च शिखर, २,५६५ मीटर. शहरापासून शंभरेक किलोमीटर, दोन तासांच्या पुढे. सकाळी सहाला निघा, वाटेत कुठेही न थांबता आधी शिखर गाठा आणि मग एकेक ठिकाण करत खाली या. बहुतेक गाड्या उलट करतात, धबधब्यांपासून सुरुवात करून अकरा-बाराला वर पोचतात. तोवर पार्किंग भरलेलं आणि ढग चढलेले. जानेवारीच्या सकाळी वर तापमान पाच-सहा अंशांपर्यंत उतरतं, एखाद्या दिवशी गवतावर हिमकण गोठलेले दिसतात. थायलंड म्हणून नुसते टी-शर्ट भरून आणलेल्या माणसांचे तिथे हाल होतात. प्रत्येकाला जाडसर जॅकेट आणि कानटोपी हवी.

शिखरापाशी आंग का ही लाकडी फळ्यांची छोटी पायवाट आहे, साडेतीनशे मीटरच्या आसपास. झाडांच्या खोडांवर, फांद्यांवर हातभर शेवाळ आणि नेचे. फळ्या ओल्या असतात, गुळगुळीत तळव्याचे बूट घालू नका. किउ मे पान ही पायवाट तीनेक किलोमीटरची, दोन-अडीच तासांची. स्थानिक वाटाड्या घ्यावाच लागतो, पावसाळ्यात ती बंद असते. कड्यावरून चालताना खाली ढगांचं पठार दिसतं. तुम्ही दोघं आणि मुलगी ती करा. आई-वडील तोवर शेजारच्या जोडस्तूपांपाशी थांबतील. राजा भूमिबोल आणि राणी सिरिकित यांच्या साठाव्या वाढदिवसांनिमित्त १९८७ आणि १९९२ मध्ये ते बांधले. भोवती फुलबाग आहे आणि वर जायला सरकते जिनेही. उतरताना वाचिराथान धबधबा. गाडीतळापासून जवळ आणि दुपारच्या उन्हात तुषारांत इंद्रधनुष्य दिसतं. त्याच्या आधी वाटेत मे क्लांग लुआंग हे करेन या डोंगरी जमातीचं गाव लागतं, तिथली कॉफी घ्या. मात्र फोटोंतली हिरवी भातखाचरं सप्टेंबर-ऑक्टोबरातली. जानेवारीत तिथे कापलेले खुंट असतात. उद्यानाचं परदेशी प्रौढांचं तिकीट ३०० बाट, मुलांचं निम्मं. ते दिवसभर जपून ठेवा, खालच्या नाक्यांवर पुन्हा दाखवावं लागतं.

हत्तींबद्दल मी ठाम आहे: सवारी नको. १९८९ मध्ये थायलंडने नैसर्गिक जंगलांतली व्यावसायिक लाकूडतोड बंद केली आणि ओंडके ओढणारे हत्ती व माहूत बेकार झाले. एका हत्तीला दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा लागतो. तो खर्च पर्यटकांच्या पैशातून निघू लागला आणि पाठीवर खुर्च्या चढल्या. सवारीसाठी आणि खेळासाठी हत्ती वठणीवर आणताना लहानपणीच त्याला आईपासून तोडून, जखडून, मारून त्याचं मन मोडतात. आता जवळपास प्रत्येक जागा स्वतःला ‘अभयारण्य’ म्हणवते, त्या पाटीला काही अर्थ नाही. बुकिंगआधी लेखी विचारा: सवारी आहे का, चित्र काढणं किंवा नाच आहे का, पर्यटकांसोबत अंघोळ ठेवली आहे का, एका वेळी किती माणसं आणतात, रात्री हत्ती कुठे असतात. अंघोळीचा प्रश्न मुद्दाम आहे. दिवसातून चार तुकड्यांसोबत पाण्यात उतरणं हत्तीच्या मर्जीने होत नसतं, आणि पाण्यात कलंडलेल्या हत्तीशेजारी मूल असणं धोक्याचं आहे. लांबून पाहू देतात, चालू देतात, चरू देतात ती जागा चांगली. मे तेंग खोऱ्यातलं, सेंगदुआन चाय्लेर्त यांनी उभं केलेलं एलिफंट नेचर पार्क या कसोटीवर उतरतं, शिवाय तिथलं जेवण शाकाहारी असतं. जागा लवकर भरतात, जानेवारीसाठी निदान महिनाभर आधी बुकिंग करा.

वाघासोबतचा फोटो पूर्ण रद्द करा. लांब मानेच्या बायकांचं गावही. या बायकांचे कायान लोक म्यानमारमधल्या लढाईतून पळून आलेले निर्वासित आहेत, आणि तिकीट काढून दाखवली जाणारी ती वस्ती त्यांनी स्वतःहून वसवलेलं गाव नाही. मुलीला तिथे नेऊन आपण काय दाखवणार आहोत, हे एकदा मनाशी विचारून पाहा.

शेवटच्या दिवशी संध्याकाळचं विमान असेल तर पूर्वेकडचं बो सांग, छत्र्यांचं गाव, अर्ध्या दिवसात होतं. कागदी तुतीच्या सालीचा लगदा, चाळणीवर उन्हात वाळणारे कागद, बांबूच्या काड्या चिरणं, दोऱ्याने ओवणं, कागद चिकटवणं आणि शेवटी रंग, अशी पूर्ण साखळी एका अंगणात दिसते. मुलीच्या मोबाइलच्या कव्हरवरही तिथले चित्रकार हत्ती रंगवून देतात. ज्येष्ठांऐवजी मुलीची आवड पाहायची तर उत्तरेचा बुआ तोंग धबधबा. चुन्याच्या थरांमुळे खडक खरखरीत असतो, पाय घसरत नाही, त्यामुळे वाहत्या पाण्यातून उलटं वर चढता येतं. फक्त हिरवं शेवाळ दिसेल तिथे पाय ठेवायचा नाही, ती जागा घसरडी असते.

शाकाहाराचं नीट ऐका, कारण ‘व्हेज’ सांगून भागत नाही. माशाचा सॉस, ऑयस्टर सॉस आणि कोळंबीची पेस्ट थाई स्वयंपाकात आपल्याकडच्या हिंग-हळदीइतकी सहज पडते. वाढणाऱ्याला ती मांस वाटत नाही. शब्द वापरायचा ‘जे’. पिवळ्या कापडावर किंवा पाटीवर लाल अक्षरं, आपल्याला इंग्रजी सतरा आकड्यासारखी दिसतात. तिथे मांस, मासे, अंडं, दूध, कांदा-लसूण काहीच नसतं. इतरत्र ‘माय साय नाम प्ला’ म्हणजे माशाचा सॉस नको, ‘माय साय खाय’ म्हणजे अंडं नको. हे थाई लिपीत मोबाइलवर ठेवा आणि दाखवा. सोम ताम (कच्च्या पपईची कोशिंबीर) सांगून केलं तरी त्याच खलबत्त्यात आधीच्या गिऱ्हाइकाची सुकी कोळंबी कुटलेली असते. उत्तरेची खास खाओ सोय ही नारळाच्या दुधातली शेवयांची आमटी फक्त ‘जे’ किंवा पूर्ण शाकाहारी ठिकाणीच खा. इतर ठिकाणी मसाल्यात कोळंबीची पेस्ट असू शकते आणि रश्श्यात बहुतेक वेळा कोंबडी किंवा दुसरं मांस असतं. जुन्या शहरात शाकाहारी उपाहारगृहं भरपूर आहेत, त्यामुळे उपाशी राहायची वेळ येत नाही. पण इंथानोनच्या दिवशी डबा सोबत घ्या.

वेळापत्रक असं बसतं. शुक्रवारी पोचणं आणि विश्रांती. शनिवारी सकाळी जुनं शहर, दुपारी झोप, जमलं तर संध्याकाळी वुआ लाय आणि चांदीचं मंदिर. रविवारी सकाळी लवकर दोई सुथेप, संध्याकाळी बाजार. सोमवारी इंथानोन. मंगळवारी हत्ती. बुधवारी चेत योत किंवा बो सांग आणि विमान. विमानतळ जुन्या शहरापासून जेमतेम चार-पाच किलोमीटर आहे, तेव्हा शेवटची सकाळ वाया जात नाही.

जानेवारीची तारीख हलवून शाळेच्या सुट्टीत, म्हणजे एप्रिलमध्ये जायचा विचार करू नका. फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत शेतं आणि जंगलं जाळल्याचा धूर या खोऱ्यात कोंडतो, समोरचा दोई सुथेप दिसेनासा होतो आणि वृद्धांच्या छातीला ते झेपत नाही. तारीख बदलायचीच असेल तर आपली कार्तिकी पौर्णिमा बघा. यी पेंगचा दिव्यांचा सण बहुधा त्याच सुमारास येतो, हवा स्वच्छ असते. हॉटेलं मात्र तीन-चार महिने आधी धरावी लागतात.

प्रवासाआधीच्या तीन दिवसांत थायलंडचं डिजिटल आगमन कार्ड प्रत्येकाचं वेगळं भरायचं आहे. ते सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य आहे. त्यासाठी पैसे मागणारी पानं खोटी. व्हिसाचा नियम तिकीट काढण्याआधी थाई दूतावासाच्या पानावर तपासा. आणि स्कूटर भाड्याने घ्यायची असेल तर आंतरराष्ट्रीय परवान्यावर दुचाकीचा शिक्का आहे ना ते आरटीओतच पाहून घ्या. नुसत्या चारचाकीच्या परवान्यावर खंदकाकाठच्या नाक्यावर दंड होतो, आणि अपघात झाला तर प्रवासविमा हात वर करतो.